चौथा काठ

आमच्या फातुलेता गावात दोन कोंबडे भांडायला लागले तरी कोणी ना कोणी म्हणतंच, "ब्रिझिदामावशीला हाक मारा रे!" म्हणतात गमतीने, पण कोंबड्यांचे मालक तेवढ्यात आपापला कोंबडा काखेत मारून चालू लागतात. मावशी खरंच आली, तर कोंबड्यांपासून सुरू झालेली गोष्ट मालकाच्या घरात, त्याच्या बायकोच्या पाठीवरच्या वळांपर्यंत जाऊन पोचेल, याची प्रत्येकाला खात्री असते.

ब्रिझिदा सोआरेस. साठी उलटलेली, अंगाने काटकुळी, दात विड्याने लाल. आवाज असा, की ती बाजारात बोलायला लागली तर शेजारच्या चर्चमध्ये पाद्रीबाबांना प्रवचन थांबवावं लागतं. शांततेवर, न्यायावर, बायकांच्या हक्कांवर बोलायला तिला आता राजधानी दिलीहून मोटार पाठवून नेतात. रेडिओवर तिचं बोलणं लागतं. एकदा राजधानीतल्या मोठ्या सभेत तिच्या नावाआधी एवढी विशेषणं जोडली, की तिने शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "ही एवढी कोण येणार आहे गं?" हा किस्सा आम्ही भेटेल त्याला सांगतो. आमच्या गावची आहे ती, आम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार!

घरी असली की ती चटया विणते. केतकीच्या पाती कापून आणायच्या, कडांवरचे काटे तासायचे, उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, आणि मग पाय पसरून विणत बसायचं. हे तिला आईने शिकवलं. बोलायला मात्र कोणी शिकवलं नाही.

चटईचं आमच्याकडे काय महत्त्व, ते इथेच सांगून टाकतो. दोन घराण्यांत तंटा झाला की चटई घालतात. दोन्हीकडचे लोक तिच्यावर बसतात, मधे विड्याची परडी ठेवतात, आणि पूर्वजांची वचनं ज्याला तोंडपाठ असतात असा वडीलधारा तंटा सोडवतो. त्याला आम्ही शब्दांचा धनी म्हणतो. चटई एकदा उलगडली की तंटा मिटेपर्यंत गुंडाळायची नाही आणि तोवर कोणी उठायचं नाही. जो उठेल त्याच्या घराण्याकडे दोष. या चटईचे तीनच काठ बांधलेले असतात. चौथा मोकळा, त्याच्या पाती लोंबत ठेवलेल्या. सगळ्यांचं सगळं बोलून झालं, की जिने चटई विणली तिने, नाहीतर तिच्या जागी दुसऱ्या बाईने, येऊन चौथा काठ बांधायचा, आणि मग ती कुळघरात, म्हणजे पूर्वजांच्या पवित्र घरात, आढ्याला टांगायची. काठ उघडा राहिला तर भांडणही उघडं राहिलं असं आमचे वाडवडील मानत. पुरुषांची यावर एक ठरलेली फुशारकी असायची, "तंटा आम्ही मिटवतो, बाया नुसता काठ बांधतात." पिढ्यान् पिढ्या ते असं म्हणत आले आणि पिढ्यान् पिढ्या बायांनी मुकाट्याने काठ बांधले.

ब्रिझिदा तरुण होती तेव्हा डोंगरात परक्यांचं सैन्य होतं. तिचा नवरा आन्सेल्मो आमच्या पोरांबरोबर रानात लढायला गेलेला. ही चटया विकायच्या निमित्ताने डोंगर चढायची. चटईच्या गुंडाळीत मीठ असायचं, औषधाच्या गोळ्या असायच्या, कधी निरोप असायचे. चौकीवरच्या शिपायाने एकदा दरडावलं, "उलगड ती चटई!" हिने तोंडातला विडा थुंकला आणि म्हणाली, "उलगडते की. पण आमच्यात उलगडलेल्या चटईवर बसावं लागतं, आणि भांडण मिटेपर्यंत उठता येत नाही. तुमचं-आमचं भांडण मिटायला किती वेळ लागेल, सांगा बाबा?" शिपाई हसला की चिडला ते माहीत नाही, पण त्याने तिला जाऊ दिलं. आन्सेल्मो मात्र रानातून परत आला नाही.

देश स्वतंत्र झाला. गावात मोठा समारंभ झाला, लढलेल्या पुरुषांच्या छातीवर पदकं लागली. ब्रिझिदाला निरोप आला, की पाहुण्यांना बसायला चटया पाठव. तिने पाठवल्या. आणि समारंभ संपल्यावर त्या गोळा करता करता जमलेल्या बायकांना म्हणाली, "बघितलंत? माझ्या चटईवर बसून यांनी माझ्याशिवाय लढाई जिंकली."

बायका हसल्या, आणि त्या हसण्यात तिला तिचं काम सापडलं. आधी ती पाणवठ्यावर बोलली, मग बाजारात, मग गावसभेत बायकांसाठी ठेवलेल्या जागेवर निवडून आली. सभेत पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा जे बोलली ते आजही आमच्याकडे लोक म्हणून दाखवतात. "बंदुका गप्प झाल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, शांतता आली. घरातली काठी गप्प होईल तेव्हा मी म्हणेन."

त्या सभेत अध्यक्षाच्या शेजारी बसून मोठ्याने जांभई दिली ती आलेइशो यांनी. ते आन्सेल्मोचे थोरले भाऊ, म्हणजे ब्रिझिदाचे थोरले दीर, आणि फातुलेताच्या शब्दांचे धनी. डोळे अधू झालेले, पण शेकडो पूर्वजांची नावं न अडखळता घेणारे. दोघांचं कधी पटलं नाही आणि कधी तुटलंही नाही. दर रविवारी ती त्यांना भोपळा-घेवडा घालून शिजवलेला मका नेऊन द्यायची, ते खाता खाता तिला शिव्या द्यायचे, आणि वाडगं रिकामं करून परत करायचे.

पुढे ज्युविताचं प्रकरण झालं.

ज्युविता वरच्या वाडीची मुलगी. बाप्तिस्म्याच्या वेळी ब्रिझिदाने तिला हातांत धरलं होतं, म्हणजे ती तिची धर्माची लेक. लग्न होऊन ती खालच्या वाडीत नातालिनोच्या घरी गेली. नातालिनो तसा कामसू, पण ताडी पोटात गेली की हात सैल सुटायचा. एके दिवशी त्याने काठीने तिचा डावा हात मोडला. ती मोडका हात शालीत बांधून माहेरी आली. तिच्या भावांनी विचार केला नाही, कोयते घेतले आणि नातालिनोची कॉफीची झाडं बुंध्यापासून तोडली. खालच्या वाडीने वरच्या वाडीचं मक्याचं कोठार पेटवून दिलं. मग दोन्ही वाड्यांतले पुरुष कोयत्यांना धार लावत दारात बसू लागले. शाळेत जाणारी पोरं घरात राहिली. खाली शहरात पोलीस आहेत, कायदा आहे, बायकोला मारणं हा गुन्हा आहे, हे सगळं ब्रिझिदानेच तर गावाला सांगितलं होतं. पण शहराचा रस्ता खालच्या वाडीतून जातो, आणि त्या दिवसांत त्या रस्त्याने वरच्या वाडीचं कुत्रंसुद्धा गेलं नसतं.

चटई घालायची ठरली. विणायची अर्थातच ब्रिझिदाने.

ज्युविता तिच्याजवळ येऊन बसली. एका हाताने काटे तासता येईनात, म्हणून नुसत्या पाती निवडून देत होती.

"मावशी, मला परत पाठवतील?"

ब्रिझिदाला खोटं बोलता आलं असतं. "पाठवतील," ती म्हणाली. "आजवर प्रत्येक चटईवर हेच झालंय. झाडांची भरपाई, कोठाराची भरपाई, आणि बाई परत चुलीशी."

"मला कोणी विचारणार नाही?"

"तुला काय वाटतं? तुझं काय म्हणणं आहे?"

ज्युविताने पात बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "मला अजून कोणी विचारलंच नाही. त्यामुळे मी मोठ्याने म्हणून पाहिलं नाही."

ब्रिझिदा त्याच पावली आलेइशोंकडे गेली. म्हातारे ओट्यावर सुपारी कातरत होते.

"भाऊजी, ज्युविताला चटईवर बसवा."

"चटईवर घराणी बसतात. पोरी नाही. तिचा बाप बसेल, भाऊ बसतील."

"हात बापाचा मोडलाय की भावांचा?"

"रेडिओवर बोलायला लागल्यापासून तुझ्या जिभेला फारच धार आलीय, ब्रिझिदा. हे दिली नाही. पूर्वजांची रीत आहे."

"पूर्वजांची रीत मलाही माहीत आहे. थोडीशी."

"मग तुझ्या वाटणीची रीत पाळ. काठ बांध, आणि घरी जा."

ती मान डोलावून निघाली. आलेइशोंना पुढे या शांतपणाचं फार नवल वाटलं, पण तेव्हा ते खूश झाले आणि सुपारी तोंडात टाकून डोळे मिटून बसले.

चटईचा दिवस उजाडला. कुळघरासमोरच्या वडाखाली सकाळी चटई उलगडली. एका बाजूला वरची वाडी, दुसऱ्या बाजूला खालची. नातालिनो मान खाली घालून बसलेला. कुळघरामागच्या छपरात बायका डुक्कर आणि भात शिजवत होत्या. मिटलेल्या तंट्याचं जेवण एकत्र करायचं असतं. त्या बायकांत ज्युविता होती, उजव्या हाताने भात ढवळत. तिच्याच तंट्याचा स्वयंपाक तिच्याकडून करून घेतला जात होता, आणि यात कोणाला काही खटकत नव्हतं.

दिवसभर बोलणं चाललं. आलेइशो पूर्वजांना एकेक करून बोलावत होते, आणि त्यांचं बोलणं ऐकावं असंच होतं, हे ब्रिझिदाही कबूल करते. कॉफीची झाडं बोलण्यात आली. किती वर्षांची होती, किती फळ द्यायची. कोठार बोलण्यात आलं. आजोबांच्या काळातली एक म्हैससुद्धा निघाली. ज्युविताचा हात मात्र एकदाही निघाला नाही. दुपार कलली तेव्हा ठरलं, की झाडांच्या बदल्यात वरच्या वाडीने रेडा द्यावा, कोठाराच्या बदल्यात खालच्या वाडीने डुक्कर आणि विणलेले शेले द्यावेत, आणि बायको नवऱ्याच्या चुलीशी परत जावी. दोन्हीकडून हुंकार आले. माणसं पाय मोकळे करायला अधीर झाली होती, आणि छपरातून डुकराच्या मांसाचा वास येत होता.

"ब्रिझिदा," आलेइशो म्हणाले, "काठ बांध."

ब्रिझिदा आली, मोकळ्या काठापाशी बसली, आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

आलेइशो पुढे वाकले.

"काय झालं? पाती सुकल्या?"

"पाती ओल्या आहेत, भाऊजी. मी सकाळीच पाणी शिंपडलंय."

"मग बांध!"

"बांधला जात नाही. सगळं बोलून झालं की काठ बांधायचा, असंच ना वाडवडिलांनी सांगितलं? अजून सगळं बोलून झालेलं नाही. जिच्या हातावरून हे सुरू झालं, तिचा शब्द या चटईवर पडलेलाच नाही. मी काठ बांधला तर खोटा बांधला जाईल, आणि खोटा काठ पुन्हा उसवतो. तेव्हा कोयत्यांचं पाप माझ्या हातांना लागेल."

गलका झाला. ज्युविताचा भाऊ ओरडला, "दुसरी बाई बोलवा! गावात काठ बांधणारी हीच एक आहे का?"

"बोलवा की," ब्रिझिदा म्हणाली.

छपरातून लिओकादियाला बोलावलं. ती नातालिनोची आई, ज्युविताची सासू, चटई विणण्यात ब्रिझिदाच्या तोडीची. ती हात पुसत आली तेव्हा खालच्या वाडीला हायसं वाटलं. ही तर आपलीच. लिओकादिया काठाशी वाकली, एक पात उचलून पाहिली. तिचं मनगट जन्माचं वाकडं आहे असं आम्ही लहानपणापासून समजत होतो. ती बराच वेळ ती पात धरून राहिली. मग तिने पात खाली ठेवली आणि ब्रिझिदाच्या शेजारी बसकण मारली.

"मलाही बांधता येत नाही," ती म्हणाली.

"आई!" नातालिनो म्हणाला.

"तू गप्प बस. हे मनगट तुझ्या बापाने मोडलं, तुझा जन्म व्हायच्या आधी. माझ्यासाठी कोणी चटई घातली नव्हती. माझ्या भावांनी झाडंसुद्धा तोडली नव्हती." ती एवढं बोलली, आणि पदराने तोंड पुसून विडा मागितला. ब्रिझिदाने तिला आपल्या हाताने विडा करून दिला.

यानंतर जे झालं ते आमच्या पुरुषांना आठवायला आवडत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. काठ बांधल्याशिवाय तंटा मिटेना. तंटा मिटल्याशिवाय उठता येईना. छपरातल्या बायकांनी चुली विझवल्या आणि हात बांधून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. सकाळपासून बसलेल्या माणसांच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि म्हाताऱ्यांची अडचण भुकेपेक्षाही निकडीची होती. आलेइशो एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर करत होते.

"ब्रिझिदा," ते दबक्या आवाजात म्हणाले, "मी म्हातारा माणूस आहे गं."

"मला कळतंय, भाऊजी. म्हणूनच सांगते, लवकर विचारा."

आलेइशोंनी डोळे मिटले. कोणी म्हणतं ते पूर्वजांशी बोलले, कोणी काही वेगळंच म्हणतं. मग त्यांनी छपराकडे तोंड करून, पूर्वजांना बोलावतात त्या खड्या आवाजात हाक दिली, "ज्युविता! चटईवर ये!"

ती आली. हाताला भाताची पेज, कपाळावर काजळी. चटईच्या मधोमध एकटी बसली. आलेइशोंनी तिला तो प्रश्न विचारला, जो आजवर फक्त पुरुषांना विचारला गेला होता, "तुझ्या पोटात कुठला शब्द राहिला आहे?"

ज्युविता बोलेना. मान वर होईना. खालच्या वाडीतून कोणीतरी हसलं. ब्रिझिदाच्या जिभेवर सगळं तयार होतं, रेडिओवर बोललेलं, सभांमध्ये टाळ्या घेतलेलं. त्या पोरीच्या वतीने ती असं बोलली असती की वडाची पानं गळाली असती. पण आज विचारलं होतं ज्युविताला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. ब्रिझिदाने जीभ दातांखाली धरली आणि गप्प बसली. ती सांगते, की चौकीवरच्या शिपायासमोरही तिचा जीव एवढा टांगणीला लागला नव्हता.

"मी परत जाणार नाही," ज्युविता म्हणाली.

आवाज बारीक होता. तिने ते पुन्हा, मोठ्याने म्हणून पाहिलं. "मी परत जाणार नाही. सकाळपासून ऐकतेय, तुम्ही झाडं बोललात, कोठार बोललात, मेलेली म्हैस बोललात. माझा हात कोणी बोललं नाही." मग ती भावांकडे वळली. "आणि दादा, ती झाडं तुम्ही माझ्यासाठी तोडली नाहीत. तुमच्या रागासाठी तोडलीत. त्या झाडांची फळं मी वेचायचे. मला विचारलं असतं तर मी तोडू दिली नसती. मला कोयते नकोत. कोणाचं रक्त नको. याने जे केलं ते याने इथे, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगावं. आणि मला शहराच्या रस्त्याने पोलिसांकडे जाऊ द्यावं. वाटेत कोणी उभं राहू नये."

नातालिनोने आईकडे पाहिलं. लिओकादिया विडा चघळत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मग तो बोलला. काठीने मारलं, ती पडल्यावरही मारलं, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ते ऐकताना त्याच्या वाडीतल्या चारचौघांनी माना खाली घातल्या, आणि त्या माना कोणाकोणाच्या होत्या ते त्यांच्या बायकांनी बघून ठेवलं.

आलेइशोंनी निवाडा नव्याने सांगितला. रेडा, डुक्कर, शेले तेच राहिले. ज्युविता माहेरी राहील. शहराचा रस्ता तिला मोकळा, आणि तिच्यावर कोणी बोट उचललं तर दोष त्याच्या सगळ्या घराण्याला. "आता तरी बांध," ते ब्रिझिदाला म्हणाले.

ब्रिझिदाने पाती उचलल्या आणि ज्युविताच्या हातात दिल्या. "तू बांध."

"माझा एकच हात चालतो, मावशी."

तेव्हा लिओकादिया पुढे सरकली. तिने आपल्या वाकड्या मनगटाच्या हाताने पाती एका बाजूने धरल्या, ज्युविताने उजव्या हाताने दुसऱ्या बाजूने दुमडल्या. सासू आणि सून, दोघींची मिळून हातांची एक जोडी झाली. काठ वेडावाकडा झाला, मधे एका ठिकाणी गाठ आली. शेवटची पात आत गेली आणि आलेइशो असे उठले, की त्यांच्या वयाचा माणूस एवढा पळू शकतो हे आम्ही त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ज्युविता शहराकडे निघाली तेव्हा ब्रिझिदा तिच्या एका बाजूला चालत होती आणि लिओकादिया दुसऱ्या. खालच्या वाडीतले पुरुष दारांत उभे होते, हात रिकामे.

ती चटई कुळघरात टांगलेली आहे. दिलीहून माणसं ब्रिझिदाला भेटायला येतात, तेव्हा आलेइशो त्यांना अडवून आधी कुळघरात नेतात आणि तो वाकडा काठ दाखवतात. "हा काठ आमच्या ब्रिझिदाने अडवून धरला," असं सांगताना त्यांची छाती फुगते. स्वतःच्या मांड्या बदलण्याचा भाग ते गाळतात. ब्रिझिदा अंगणात काटे तासत ऐकत असते, आणि तो भाग मोठ्याने जोडते.

यंदा पाण्याच्या पाळीवरून पुन्हा दोन घरांत तंटा झाला. वडाखाली चटई उलगडली, माणसं बसली. आलेइशोंनी विड्याची परडी जवळ ओढली, आणि पूर्वजांचं पहिलं नाव घ्यायच्या आधी ते थांबले. छपराकडे वळून त्यांनी हाक मारली, "आत स्वयंपाकाला कोण कोण आहे गं? चुली राहू द्या. आधी इकडे येऊन बसा."